प्रोजेक्ट फाइल म्हणजे बॅकअप नव्हे

"प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर टाकली की झाला बॅकअप" हे कित्येक वर्षं ऐकतोय, पण ते चूक आहे हो. प्रीमिअर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल काही एमबीचीच असते, तिच्यात ४० जीबीचं फुटेज मावेल कसं? तिच्यात फक्त कट, इफेक्ट आणि कुठली क्लिप कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता असतो, फुटेज उडालं की टाइमलाइनवर (जिथे क्लिप ओळीने मांडतो तिथे) लाल 'मीडिया ऑफलाइन' दिसतं आणि मग काहीच करता येत नाही. प्रीमिअरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरमधून 'कलेक्ट फाइल्स' करा, दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह' घ्या, नुसतं 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' नको, त्यात मीडिया, म्हणजे मूळ फुटेज, येत नाही. आणि कृपा करून एक कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवाच.