चार फूट की पाच? पत्र्याच्या शेडमधल्या पर्लिनचे गणित

एप्रिल-मे महिन्यांत तासगावच्या बाजूला वळीव यायच्या आधी सोसाट्याचा वारा सुटतो आणि कुणाच्या तरी बेदाणा शेडचे पत्रे शेजारच्या रानात जाऊन पडतात. पत्रा हलका निघाला, असे सगळे म्हणतात. मी आधी टेप लावून दोन पर्लिनमधले अंतर मोजायला सांगेन.

पर्लिन म्हणजे कैच्यांवर, म्हणजे छपराच्या त्रिकोणी सांगाड्यांवर, आडवे टाकलेले, पत्रा अंगावर घेणारे लोखंड. फॅब्रिकेटर विचारतो, "चार फुटांवर टाकू की पाच?" फूटभराने काय होते, तेवढाच पर्लिनच्या एका ओळीचा खर्च वाचेल, असे मालकाला वाटते. पण भार तोच राहिला तरी पत्र्याला वाकवणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. चाराचे पाच केले की तो दीडपटीच्या वर जातो. पत्र्याचा झोळ तर चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जवळजवळ अडीचपट. एकेका स्क्रूवरची ओढही सव्वापट होते.

ही ओढ वरच्या दिशेने असते, हेच पटकन ध्यानात येत नाही. पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण 5 किलो. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्याचा मूळ दाब तेवढ्याच जागेवर सुमारे 24 किलो भरतो. वेग दुप्पट झाला तर चौपट, म्हणजे 98 किलोच्या आसपास. कमी उताराच्या छपरावरून जाताना वारा कडेपाशी उचलला जातो आणि पत्र्याला वर शोषतो. बेदाणा शेडच्या बाजू उघड्या, त्यामुळे आत शिरलेला वारा खालूनही रेटतो.

हे शोषण मधल्या भागात कमी आणि कडांना, कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते. म्हणून वळचणीकडच्या आणि आढ्याजवळच्या ओळी जवळ घ्याव्यात, तिथे स्क्रूही वाढवावेत. आपल्याकडे सरसकट एकच माप धरतात. पत्रा उचकटायला सुरुवात होते ती याच कडांपासून.

आणखी एक. वरून भार आला की पर्लिनची वरची कड दबते, पण तिला पत्र्याने धरलेले असते. वारा उचलू लागला की दाब खालच्या कडेवर येतो आणि तिला धरायला काहीच नसते. पातळ पत्र्याची, इंग्रजी सी किंवा झेड अक्षराच्या आकाराची पर्लिन अशा वेळी पिळते. दोन कैच्यांच्या मध्ये पर्लिनींना जोडणारा सॅग रॉड तो पीळ आवरतो, मात्र तो खालच्या कडेजवळ बसवलेला हवा.