एकाच रात्रीचे दोन निकाल
नोव्हेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाहावरची बंदी राज्यघटनेतून काढून टाकली आणि त्याच निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प पुन्हा निवडून आले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या माझ्या मामेभावाचा बडोद्याला फोन आला, "हसू की रडू, कळत नाही." हेच तो सोळा वर्षांपूर्वीही म्हणाला होता.

५ नोव्हेंबर २००८. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. दांडिया बाजारातल्या घरी टीव्हीवर ओबामा जिंकल्याचं जाहीर झालं आणि मामीने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. त्याच मतपत्रिकेवर कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत एक कलम घालण्याचा 'प्रस्ताव ८' होता: विवाह फक्त स्त्री-पुरुषांचाच. तो सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी मंजूर झाला. राज्यात ओबामांना ६१ टक्के मतं होती, म्हणजे त्यांना निवडून देणाऱ्यांतल्याच अनेकांनी भावाच्या लग्नाविरुद्ध मत दिलं होतं. खुद्द ओबामांचा या प्रस्तावाला विरोध होता, पण विवाह स्त्री-पुरुषांचाच, असंही ते तेव्हा म्हणत.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये हे विवाह मान्य केले होते. पुढच्या काही महिन्यांत सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्नं केली, त्यांत भाऊ आणि त्याचा नवराही. निकालानंतर सहा महिने दोघं टांगणीला लागले होते. मे २००९ मध्ये न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण झालेली लग्नं वैध धरली. बंदी प्रत्यक्षात उठली २०१३ मध्ये. देशभर मान्यता मिळाली २६ जून २०१५ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. मात्र 'प्रस्ताव ८'चे ते शब्द कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत तसेच राहिले. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने गर्भपाताच्या हक्काचा आपला जुना निकाल फिरवला, तेव्हा विवाहाचा निकालही फिरेल या धास्तीने पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

कोणी कोणाशी लग्न करावं हे मतं मोजून ठरवू नये, असं मला ठामपणे वाटतं. ओबामांच्या आईवडिलांचं लग्न १९६१ मध्ये हवाईत झालं. तेव्हा गोऱ्या-काळ्यांचं लग्न अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. ती बंदी १९६७ मध्ये न्यायालयाने उठवली. आपल्या बडोद्यातही सयाजीराव महाराजांनी बालविवाहाला बंदी केली १९०४ मध्ये आणि हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला १९३१ मध्ये. देशभरातल्या हिंदूंना तो मिळायला १९५५ उजाडलं. महाराजांनी घरोघर मत विचारलं असतं तर किती जण हो म्हणाले असते?

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की विवाह हा मूलभूत हक्क नाही. निर्णय संसदेवर सोडला. फेरविचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

मागच्या दिवाळीत दोघं इथे आले होते. भाऊबीजेला मी दोघांनाही ओवाळलं. दुसऱ्याच दिवशी भाऊ तापाने फणफणला. रुग्णालयाच्या अर्जावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी त्याच्या नवऱ्याचं पेन थोडा वेळ थांबलं, मग त्याने 'मित्र' लिहिलं. सहीसाठी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मामीला रिक्षाने बोलावून घ्यावं लागलं.