साल्सा संगीत

न्यूयॉर्कमधील प्वेर्तो रिकन आणि क्यूबन वादकांनी साधारणपणे १९६० ते १९८० या काळात घडवलेला नृत्यसंगीताचा प्रकार. पूर्व क्यूबातील ‘सोन’ हा गीत-नृत्यप्रकार त्याचा कणा. मांबो व ग्वाराचा हे क्यूबन नृत्यसंगीताचे प्रकार, प्वेर्तो रिकोतील बोंबा व प्लेना हे लोकसंगीताचे प्रकार आणि जॅझ यांचे संस्कार त्यावर झाले. क्यूबन वादक आर्सेनिओ रोद्रीगेस यांनी १९४० च्या सुमारास सोनच्या मेळात कोंगा (उंच, हाताने वाजवायचा ढोल), पियानो आणि एकाहून अधिक ट्रम्पेट आणले. साल्साची वाद्यरचना मुख्यतः त्यावरच बेतलेली आहे. न्यूयॉर्कचे पियानोवादक एडी पाल्मिएरी यांनी १९६१ पासून ट्रम्पेटच्या जागी ट्रॉम्बोन वापरले आणि न्यूयॉर्कच्या मेळाला त्याचा भारदस्त, काहीसा खरखरीत आवाज मिळाला.

नावाचा वाद : ‘साल्सा’ म्हणजे स्पॅनिशमध्ये सॉस. इग्नास्यो पिन्येइरो यांच्या १९३० च्या दशकातील एका सोनमध्ये ‘साल्सिता’ हा शब्द येतो. पण तो चव वाढवण्याच्या अर्थाने, संगीतप्रकाराचे नाव म्हणून नव्हे. व्हेनेझुएलातील कराकसमध्ये मात्र १९६० च्या दशकाच्या मध्यास फिदियास दानिलो एस्कालोना यांच्या रेडिओ कार्यक्रमाच्या नावात तो होता आणि १९६६ मध्ये फेदेरिको बेतानकूर यांच्या तबकडीच्या शीर्षकातही आला. न्यूयॉर्कमध्ये तो रूढ झाला १९७० च्या दशकात. जॉनी पाचेको व जेरी मासूची यांनी १९६४ मध्ये स्थापलेली फानिया ही ध्वनिमुद्रण कंपनी आणि तिचे चित्रकार-निवेदक इझी सनाब्रिया यांचा त्यात मोठा वाटा होता. न्यूयॉर्कचे तालवादक व मेळप्रमुख टिटो प्वेंते यांना हे नाव कधीच पटले नाही. साल्सा खाण्याची वस्तू आहे, आपण वाजवतो ते क्यूबन संगीत, असे ते म्हणत. क्यूबातील अनेक अभ्यासकही साल्साला सोनचेच नवे लेबल मानतात. सुरावटी व ठेके पाहता या मताला आधार आहे. पण वाद्यरचना, शहरी आशय आणि प्वेर्तो रिकन गायकी लक्षात घेतल्यास साल्सा ही न्यूयॉर्कची स्वतंत्र घडण मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

क्लावे : साल्साच्या तालाचा पाया. दोन लाकडी दांड्यांवर वाजणारा पाच आघातांचा हा आकृतिबंध दोन मापांत, म्हणजे १६ समान कालखंडांत किंवा ‘घरांत’ बसतो (एका मापात चार ठोके, प्रत्येक ठोक्यात दोन घरे). ३-२ सोन क्लावेत, म्हणजे पहिल्या मापात तीन व दुसऱ्यात दोन आघात असताना, ते १, ४, ७, ११ व १३ या घरांवर पडतात. २-३ मध्ये तेच ३, ५, ९, १२ व १५ वर येतात. रुंबा या क्यूबन प्रकाराच्या ३-२ क्लावेत सातव्याऐवजी आठवे घर. तीनतालाच्याही मात्रा १६ असल्या, तरी साम्य तेवढेच. तेथे सगळे समेकडे धावते, येथे बास (खर्जाचे तंतुवाद्य) पहिले घर मुद्दाम मोकळे सोडतो. तो प्रत्येक मापात चौथ्या व सातव्या घरावर वाजतो. सातव्या घरावर पुढच्या मापातील स्वरसंघाचा (कॉर्डचा) स्वर आधीच लागतो आणि पहिल्या घरावर लांबून राहतो. कोंगावर सातव्या-आठव्या घरांवर दोन खुले बोल येतात, तिसऱ्यावर चापट. पियानोची आवर्ती सुरावट क्लावेच्या दोन आघातांच्या बाजूला घरावर नेमकी बसते, तीन आघातांच्या बाजूला निसटते.

एकदा सुरू झालेला क्लावे उलटत नाही. दिशा बदलायची, तर सुरावटीत विषम संख्येची मापे घालतात, म्हणजे पुढचा खंड आपोआप दुसऱ्या बाजूवर सुरू होतो. संयोजकाने नकळत एक माप गाळले, की गायक एका बाजूला आणि पियानो दुसऱ्या बाजूला राहतो. स्वर सगळे बरोबर असूनही गाणे लंगडते आणि नर्तकांचे पाय अडखळतात. या दोषाला ‘क्रुसादो’ म्हणतात.

गाण्याचा पूर्वार्ध कथनाचा, उत्तरार्ध ‘मोंतुनो’चा. मोंतुनोत समूह ठरावीक ओळ म्हणतो व मुख्य गायक तिला उत्स्फूर्त उत्तरे देतो. याच वेळी बोंगोवादक बोंगो (लहान ढोलांची जोडी) बाजूला ठेवून हातघंटा उचलतो.

लोकप्रिय शैलींशी संकर : साल्सा हे नाव स्थिरावण्यापूर्वीच १९६६ ते १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील बूगालू या प्रकाराने सोन व सोल (अमेरिकी कृष्णवर्णीयांचे लोकप्रिय संगीत) एकत्र आणून इंग्रजी शब्दही गायले. प्वेंते यांचा १९६२ चा ‘ओये कोमो वा’ सांताना या रॉक वाद्यवृंदाने १९७० मध्ये रॉकमध्ये आणला. मूळ बासरी-पितळी वाद्यांचे काम गिटार व ऑर्गनकडे गेले. रचना मध्यम लयीचा चाचाचा (क्यूबन नृत्यप्रकार) असल्याने रॉकचा ड्रम तिच्यात सहज बसला. द्रुत साल्सात दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावरचा ड्रम ठळक केला आणि बास पहिल्या ठोक्यावर आणला, की आगाऊ येणाऱ्या स्वराची ओढ नाहीशी होते आणि केवळ बाह्य रंग उरतो. बहुतेक फसलेल्या संकरांचे कारण हेच.

याउलट रूबेन ब्लादेस व विली कोलोन यांच्या १९७८ च्या ‘सिएम्ब्रा’ या तबकडीतील पहिली रचना डिस्कोच्या थाटात सुरू होते आणि काही क्षणांतच साल्सात उतरते. दिखाऊ जगण्यावर टीका करणाऱ्या त्या गाण्यात डिस्को स्वतःच अर्थाचा भाग बनतो. १९८० च्या दशकातील ‘साल्सा रोमांतिका’ने प्रणयगीतांवर भर दिला आणि मोंतुनो आखडता घेतला. पुढे देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली. अल्जेरियन गायक खालेद यांच्या २०१२ च्या पॉप गीताची साल्सा आवृत्ती मार्क अँथनी यांनी २०१३ मध्ये गायली. २०१८ मध्ये कार्डी बी हिचे, पीट रोद्रीगेस यांच्या १९६७ च्या बूगालूचा तुकडा घेऊन रचलेले रॅप गीत अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.