पावलांचे विकार व पादचिकित्सा

घोट्याखालचा भाग म्हणजे पाऊल. टाच, तळवा, चवडा, बोटे आणि नखे यांना होणाऱ्या दुखण्यांना पावलांचे विकार म्हणतात आणि त्यांवर उपचार करणारी वैद्यकशाखा ती पादचिकित्सा. एका पावलात २६ हाडे, ३३ सांधे आणि शंभराहून अधिक स्नायू, कंडरा व अस्थिबंध असतात. मराठीत ‘पाय’ हा शब्द मांडीपासून नखापर्यंत सगळ्याला चालतो, म्हणून ‘पाय दुखतो’ म्हणत आलेल्या माणसाला डॉक्टर आधी ‘नेमका कुठे?’ असे विचारतात. एका बोटाने जागा दाखवता आली, तर निदान बरेचसे सोपे होते.

पावलांच्या तक्रारी घरोघरी असतात आणि बहुतेक घरातच बऱ्या होतात. भेगांना कोकमाचे तेल, चिखल्यांना मेंदी, टाचेला विटेचा शेक हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अडचण वेगळी आहे. दुखते किती, यावरून माणूस दुखणे किती गंभीर ते ठरवतो आणि पावलाच्या बाबतीत हे माप अनेकदा उलटे पडते. कुरूप जीव नकोसा करते, पण त्याने कोणाचा पाय जात नाही. मधुमेही माणसाच्या तळव्याला पडलेली जखम जराही दुखत नाही आणि पाय कापायची वेळ येते ती बहुधा तिच्यामुळेच.

टाचदुखी : सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवले की टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते. भिंतीला धरून दहा-वीस पावले चालले की ती ओसरते आणि दुपारी बराच वेळ बसून उठले की पुन्हा येते. एवढे वर्णन ऐकूनच डॉक्टरांना निदान करता येते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. टाचेपाशी तो सतत ताणला जाऊन झिजतो. दिवसभर उभे राहणारे शिक्षक, दुकानातले नोकर आणि कडक फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या बायका यांना हा त्रास फार होतो. वजन वाढले की तो बळावतो.

एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला पुढे आलेले टोक दिसते आणि ‘हाड वाढलंय’ हे शब्द त्या माणसाला कायमचे चिकटतात. खरे तर टाच कधीच न दुखलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही असे टोक सापडते, म्हणून त्याच्या मागे लागू नये. खरा उपचार साधा आणि कंटाळवाणा आहे. सकाळी पाय जमिनीवर टेकवण्याआधी दुखरे पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावे, बोटे हाताने वर ओढून तळवा ताणावा, दहा अंक मोजावेत आणि असे दहा वेळा करावे. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी आणि घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी. बहुतेकांची टाच सहा महिने ते वर्षभरात बरी होते. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्याने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतले तर टाचेखालची चरबीची गादी झिजते आणि पट्टा फाटण्याचीही भीती असते.

विटेच्या शेकाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवतात आणि पाने चरचरायला लागली की त्यांवर टाच दाबतात. ज्याच्या तळव्याची संवेदना शाबूत आहे, तो चटका बसताच पाय मागे घेतो. मधुमेहाने ज्याची संवेदना गेली आहे, त्याला सुखद ऊब लागते आणि तो टाच तशीच ठेवतो. संध्याकाळी कातडी फुगलेली दिसते आणि घरच्यांना वाटते की शेक लागू पडला. तो भाजल्याचा फोड असतो.

टाचदुखीसाठी डॉक्टरकडे कधी जावे? उंचावरून पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, रात्री झोपेतही टाच ठणकत असेल, तळव्याला मुंग्या येत असतील किंवा महिना-दीड महिना ताण देऊनही काहीच फरक नसेल तर. तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबरही आखडत असेल, तर ते संधिवाताचे लक्षण असू शकते. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ गाठावा.

कुरूप, चामखीळ आणि मोडलेला काटा : ही तिन्ही तळव्यावर जवळजवळ सारखीच दिसतात आणि तिन्हींना लोक कुरूपच म्हणतात. कुरूप म्हणजे सततच्या दाबाने कातडीने आत रोवलेली कठीण खुंटी. ते वरून सरळ दाबले की दुखते. चामखीळ विषाणूमुळे होते. ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते आणि वरचा थर खरवडला की काळे ठिपके दिसतात. काटा मोडला असेल तर जागा ठसठसते आणि मधून मधून पू येतो. बाभळीच्या काट्याचे टोक आत तसेच राहिले, तर महिनोन्‌महिने त्रास देते.

कुरूप ब्लेडने कापणे हा आपल्याकडचा जुना आणि वाईट उद्योग आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक आम्ल असते. निरोगी पायावर ती चालते, पण मधुमेही किंवा रक्तपुरवठा कमी झालेल्या पायावर तीच पट्टी भोवतालची चांगली कातडी जाळते. कापलेले कुरूप पुन्हा येते, कारण दाब तसाच राहतो. चप्पल बदलली, बोटांमध्ये मऊ गादी ठेवली की ते बहुधा आपोआप कमी होते. काटा मोडल्यावर किंवा भेगांत बिब्बा घालण्याची रीत खेड्यांत अजून आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते आणि साध्या टोचण्याची मोठी जखम होते. काटा किंवा गंजका खिळा लागल्यावर खरी गरज असते ती जखम वाहत्या पाण्याने धुण्याची आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची.

मदुरा पाय : काटा टोचून गेल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच जागी न दुखणारी गाठ येते. ती हळूहळू पसरते, पाऊल फुगते, कातडीला भोके पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर खसखशीसारखे काळे, पांढरे किंवा पिवळे कण बाहेर येतात. हा मायसेटोमा. मदुराईच्या भागात त्याची नोंद झाली म्हणून त्याला मदुरा पाय हे नाव पडले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला आणि १८७४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये हा रोग दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतला. अनवाणी शेतात राबणाऱ्यांना तो होतो आणि दुखत नाही म्हणून ते उशिरा येतात. तोवर तो हाडापर्यंत पोचलेला असतो. काट्याच्या जुन्या जागी गाठ दिसली, तर दुखण्याची वाट न पाहता तपासून घ्यावी. बुरशीमुळे झालेला आणि जिवाणूंमुळे झालेला मायसेटोमा यांची औषधे अगदी वेगळी असल्याने कणांची तपासणी अटळ असते.

पावसाळ्यातले पाय : भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभे राहिले की बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोलते, खाजते, चिरते. त्याच चिखल्या. शहरात ओल्या बुटांत दिवस काढणाऱ्यालाही त्या होतात. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करणे हा अर्धा उपचार आणि बुरशीनाशक मलम हा उरलेला अर्धा. दुकानदार पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले मलम देतो. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आत फोफावते. बेचकीतली चीर क्षुल्लक दिसते, पण जंतूंना शिरायला तेवढी वाट पुरते. चिखल्यांनंतर पाऊल लाल, गरम होऊन सूज वर चढू लागली आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. हत्तीरोग झालेल्यांनी तर बेचक्या रोज पाहाव्यात, कारण अशा प्रत्येक तापानंतर त्यांच्या पायाची सूज वाढत जाते.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाचा, धोका असतो. २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर मुंबईने त्याची मोठी साथ पाहिली आणि कोकणातल्या भातशेतीच्या भागांत तो दर पावसाळ्यात डोके वर काढतो. अशा वेळी प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरला एक-दोन दिवसांत विचारावे, ताप येईपर्यंत थांबू नये.

मधुमेही पाऊल : पादचिकित्सेचा हा गाभा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पावलाच्या नसा मरतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि जंतूंशी लढण्याची ताकद घटते. तिन्ही गोष्टी एकाच पावलात घडतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, रात्री पांघरूण पायाला नकोसे वाटते. मग हा त्रास थांबतो आणि रुग्णाला बरे वाटते. वास्तविक याच वेळी संवेदना गेलेली असते.

ती तपासायला डॉक्टर एक नायलॉनचा धागा वापरतात, तो बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून धागा तळव्याला टेकवतात आणि लागले की ‘हो’ म्हणायला सांगतात. अंगठ्याखाली टेकवला, वाकला, उचलला. करंगळीखाली टेकवला, वाकला, उचलला. रुग्ण डोळे मिटून अजून पहिल्या स्पर्शाची वाट पाहत असतो. शेजारी उभ्या असलेल्या बायकोचा किंवा मुलाचा चेहरा तेव्हा बघवत नाही.

बधिर पायाला काय होते, हे आधी कुष्ठरोगाने शिकवले. वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने ‘झडत’ नाहीत. वेदना कळत नसल्याने त्याच जखमेवर पुन्हा पुन्हा भार पडतो आणि ती खोल जाते. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाची चप्पल कुष्ठरुग्णांसाठी वापरात आली आणि आज मधुमेही रुग्णांना ‘एमसीआर चप्पल’ म्हणून तीच लिहून देतात.

संवेदना गेलेल्या माणसाने रोज रात्री तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे किंवा घरातल्या कोणाला सांगावे. बुटात पाय घालण्याआधी हात घालून खडा, खिळा चाचपावा. पाणी किती गरम आहे ते पायाने न पाहता कोपराने पाहावे. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नये. श्रद्धेच्या भरात भाजलेले तळवे घेऊन येणारे रुग्ण दर उन्हाळ्यात येतात. मोजे घालून दर्शन घेतले तरी देव रागावत नाही, हे घरातल्या मोठ्यांना समजावून सांगणे लेकासुनांचे काम आहे.

मधुमेह असलेल्याच्या पायावरची कोणतीही जखम, अगदी फोडसुद्धा, एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवावी. जखमेला वास येणे, कातडी काळी पडणे, लाली वर सरकणे, ताप येणे, साखर अचानक वाढणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र उलटू देऊ नये. आणखी एक लक्षण पुष्कळदा निसटते. पाऊल लाल, गरम, सुजलेले आहे, पण दुखत नाही आणि जखमही नाही. हा चारको पाय असू शकतो, म्हणजे हाडे आतल्या आत मोडत असतात. मुरगळले असेल म्हणून माणूस चालत राहतो आणि पावलाची कमान कायमची कोसळते. पूर्ण विश्रांती आणि प्लास्टर वेळेवर मिळाले तर पाऊल वाचते.

रक्तपुरवठ्याचे दुखणे : ठरावीक अंतर चालले की पोटरी भरून येते, थांबले की मोकळी होते, हे रक्तवाहिनी अरुंद झाल्याचे लक्षण आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत बर्जर रोगाने हेच होते आणि तंबाखू पूर्ण सोडल्याखेरीज त्यावर कोणतेही औषध चालत नाही. पाऊल एकाएकी थंड, पांढरे पडून असह्य दुखू लागले, तर तासांचा हिशेब असतो. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

धावणे आणि चालणे : पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलांच्या चवड्याच्या हाडांना सूक्ष्म तडे जातात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, म्हणून ‘काही नाही’ म्हणून पुन्हा धावायला लागू नये. आळंदीहून पंढरपूरला सुमारे २५० किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यांना फोड येतात ते मुख्यतः घर्षणाने आणि ओलाव्याने. फोडाची वरची कातडी सोलू नये, तीच त्याची मलमपट्टी.

नखे सरळ कापावीत. कोपरे खोल गोलावले की नख मांसात रुतते. नखाखाली किंवा तळव्यावर नवा काळा पट्टा अथवा डाग आला आणि तो वाढत असेल, तर त्वचातज्ज्ञाला दाखवावा, कारण क्वचित तो कर्करोग असतो.

कोणाकडे जावे : ब्रिटन, अमेरिकेत पोडिएट्रिस्ट, म्हणजे पादचिकित्सक, हा स्वतंत्र परवाना असलेला व्यवसाय आहे. भारतात तसा तो रुजलेला नाही, त्यामुळे रुग्णालाच दार निवडावे लागते. हाड, सांधा, टाच यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञ, कातडी-नखांसाठी त्वचातज्ज्ञ, रक्तपुरवठ्यासाठी रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक आणि मधुमेही जखमेसाठी मोठ्या रुग्णालयातला मधुमेही पाऊल विभाग. मधुमेह असलेल्याने काहीही तक्रार नसताना वर्षातून एकदा पाय तपासून घ्यावेत. तपासणीला जाताना नवे बूट घालू नयेत. रोज वापरून झिजलेली चप्पल घेऊन जावी, कारण भार कुठे पडतो ते तिचा तळ पाहून डॉक्टरला लगेच कळते.