फिल्मच्या कडेला छापलेला आवाज

यूट्यूबवर १९२९-३० चं कुठलंही हॉलीवूड सिनेमाचं गाणं लावा, खाली एक कमेंट ठरलेली, "तेव्हा लोक गायचेच असे, डब्यात तोंड घालून." गायकीची स्टाइल वेगळी होती हे मान्य, पण गळे आपल्यासारखेच होते हो. डब्याचा दोष बराचसा फिल्मवर आवाज टिपणाऱ्या मशीनचा आहे, आणि ते मशीन माझं भयंकर लाडकं आहे.

हॉलीवूडच्या एमजीएम स्टुडिओचा १९२९ चा 'मारियान' घ्या. पहिलं महायुद्ध, फ्रान्समधली मुलगी, तिच्या प्रेमात पडलेला अमेरिकन सैनिक, आणि तिचा ठरलेला नवरा लढाईवरून आंधळा होऊन परत येतो. स्टोरी पुढे कुठे जाणार याचा अंदाज येतोच. हिरॉइन मॅरियन डेव्हिस खऱ्या आयुष्यात बोलताना अडखळायची, इथे मात्र फ्रेंच वळणाचं इंग्रजी मस्त बोलते. सिनेमा आधी मूक शूट झाला आणि मग हिरो बदलून बोलका. (आपल्याकडे प्रभातने १९३२ चा 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी असा दोनदा केला, तिथे कारण भाषेचं होतं.) जॅझवाले अजून वाजवतात ते 'जस्ट यू, जस्ट मी' याच सिनेमातलं.

आता मशीन. एमजीएमकडे वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीची आवाज टिपायची सिस्टीम होती. माइकमध्ये आवाज गेला की करंट तयार होतो, इथपर्यंत शाळेत झालंय. तो वाढवून ड्युरॅल्युमिनच्या (अॅल्युमिनियमचा एक मिश्रधातू) एका अतिपातळ फितीतून सोडायचा. फीत मधून वळवलेली, दोन्ही बाजू समांतर आणि चुंबकाच्या क्षेत्रात ताणून बसवलेल्या. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आठवा, दोन बाजूंत करंट उलटसुलट दिशेने जातो म्हणून एक इकडे सरकते, दुसरी तिकडे, आणि मधली फट आवाजाबरोबर उघडमीट करते. मागे दिवा, पुढे लेन्स, आणि फिल्मवर त्या फटीची प्रतिमा पडते साधारण ०.०२५ मिमी जाडीची! फिल्म सरकत जाते तसा कडेच्या अडीच मिमीच्या पट्ट्यात काळ्या-करड्या आडव्या रेघा उमटत जातात. हेच ते गाणं. थिएटरात सगळं उलटं, बारीक प्रकाशरेषा रेघांमधून फोटोसेलवर पडते, त्याचा करंट होतो आणि स्पीकर वाजतो.

गंमत अशी की चित्राला सेकंदाला २४ वेळा थांबावं लागतं पण आवाजाला थांबून चालत नाही, म्हणून आवाज वाचणारा भाग प्रोजेक्टरच्या गेटच्या (जिथे चित्र दिव्यासमोर थांबतं ती जागा) खाली असतो आणि प्रिंटवर आवाज चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापतात.

मग डबा कुठून आला? फिल्म सेकंदाला १८ इंच, म्हणजे ४५७ मिमी पळते. ५००० हर्ट्झची एक लाट या हिशोबाने फक्त ०.०९ मिमी जागेत मावते. वाचणारी प्रकाशरेषा जरा जाड झाली की लाटेचा काळा आणि पांढरा भाग एकदमच वाचला जातो, सरासरी करडी, आवाज दबला, आणि रेषा लाटेइतकी जाड असेल तर चक्क शून्य. त्यात फिल्मचा दाणा, म्हणजे जिच्यातून काळेपणा बनतो ती बारीक कणकण. त्यात केमिस्ट्री, कारण रेघांचा करडेपणा हाच आवाज असल्याने निगेटिव्ह आणि पॉझिटिव्हच्या गॅमांचा गुणाकार १ च्या आसपास यावा लागतो (गॅमा म्हणजे एक्स्पोजरच्या लॉगॅरिदमनुसार डेन्सिटी, म्हणजे फिल्मचा काळेपणा, किती चढते तो उतार), डेव्हलपिंग थोडं चुकलं की आवाज फाटला. एवढं समजलं नाही तरी चालेल, लॅबवाल्यांनाही याने घाम फुटायचा. एकूण वरच्या फ्रिक्वेन्सी गेल्या, आणि 'स', 'श', 'फ' यांची ओळख तिथेच असते, म्हणून शब्द पुसट लागतात.

म्हणूनच "एआयने १९२९ चा ओरिजिनल आवाज परत आणला" असले व्हिडिओ बघून मला राग येतो. खरखर काढा, जरूर काढा. पण फिल्मवर जे उमटलंच नाही ते कुठून आणणार? सॉफ्टवेअर आजच्या आवाजांवरून अंदाजाने भरतं, ऐकायला गोड लागतं, पण तो आवाज मॅरियनचा नाही.

जुन्या ३५ मिमी प्रिंटचा तुकडा कधी हातात आला तर उजेडासमोर धरून कड बघा. आडव्या करड्या रेघा दिसल्या तर ही वर सांगितलेली घनतेची (डेन्सिटीची) पद्धत, एकसारख्या काळ्यात नागमोडी पांढरा पट्टा दिसला तर आरसीए या दुसऱ्या कंपनीची, तिच्यात फितीच्या जागी थरथरणारा छोटा आरसा असायचा.