मोठा फुगा हवा देतो की घेतो?

दोन सारखे फुगे घ्या. एक टम्म फुगवा, दुसरा मुठीपेक्षा थोडा मोठा. दोन्हींची तोंडं एकाच नळीच्या दोन टोकांना बसवा आणि मधला चिमटा काढा. मोठ्यातली हवा छोट्यात जाऊन दोघे सारखे होतील, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात छोटा चिमतो आणि मोठा आणखी फुगतो!

कारण वक्रता. ताणलेली दोरी बोटाने जराशी वाकवली तर बोटावर दाब थोडा येतो. तोच ताण ठेवून कोन टोकदार केला की बोट दुखतं. छोट्या फुग्याची भिंत जास्त वळलेली, म्हणून ती आतल्या हवेला जास्त दाबते. शिवाय फुगताना भिंत पातळ होत जाते. आदर्श रबराचं गणित मांडलं तर त्रिज्या मूळच्या १.३८ पट होते तेव्हा दाब सर्वाधिक असतो, पुढे तो उतरतो. पहिल्या फुंकरीला गाल दुखतात ते यामुळेच.

पण रबर मागे खेचतं तरी का? मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. रबरात लांबलचक रेणूंच्या साखळ्यांचा गुंता असतो. उष्णतेने त्या सतत वळवळतात. गुंतून राहण्याच्या तऱ्हा असंख्य, ताठ राहण्याच्या मोजक्याच. म्हणून सोडलं की साखळ्या पुन्हा गुंत्यात शिरतात. अशा तऱ्हा किती आहेत याचं माप म्हणजे एंट्रॉपी. रिकामा फुगा झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. थोडं थांबून सैल सोडा, गार लागेल. वजन टांगलेलं रबर तापवलं तर लांबत नाही, उलट आखडतं. फुटायच्या बेतात साखळ्या ताठ झाल्या की दाब पुन्हा चढतो.

हृदयाच्या धमनीत घालायच्या फुग्याला हा लहरीपणा चालत नाही. आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांनी १९७७ मध्ये झुरिकला पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली धमनी फुग्याने रुंद केली. आज त्यासाठी नायलॉनसारख्या पदार्थांचे फुगे असतात, ते ठरलेल्या मापापुढे फारसे फुगत नाहीत. भरतात तेही हवेने नव्हे, द्रवाने.

हवामानाचा फुगा मात्र मुद्दाम अर्धवट भरून सोडतात. तीसेक किलोमीटरवर बाहेरचा दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास उरतो. फुगा काही मीटर रुंद होऊन फुटतो आणि उपकरण पॅराशूटने खाली येतं. १९४७ साली अमेरिकेतल्या रॉझवेलजवळ सापडलेले तुकडेही फुग्याच्याच सामानाचे होते. लोकांनी त्यातून परग्रहवासी काढले!