सर्व्हेअर वेगळा, क्लेम डेस्क वेगळं: घरात पाणी शिरल्यावर नेमकं कोणाच्या मागे लागायचं

आमच्या माळ्यावरच्या टाकीला जाणारा पाइप पहाटे साडेपाचला एल्बोपाशी, म्हणजे वळणावरच्या जॉइंटपाशी, फुटला, आणि आम्ही जागे होऊन मेन कॉक बंद करेपर्यंत किचनच्या ट्रॉल्या, पॅसेजचं पीओपी सीलिंग आणि बेडरूमचं वुडन फ्लोअरिंग सगळं भिजलं होतं. घराचा विमा होता. त्याच दिवशी कंपनीला कळवलं, क्लेम नंबर मिळाला, तिसऱ्या दिवशी नुकसान बघून मोजणारे सर्व्हेअर आले, अर्धा तास थांबले, भरपूर फोटो काढले आणि "रिपोर्ट टाकतो आठवड्यात" म्हणून गेले. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी माझा फोन उचलला नाही. वहीत लिहून ठेवलेत, एकोणीस कॉल. आणि कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं की दर वेळी एकच उत्तर, "मॅडम, सर्व्हेअरकडून रिपोर्ट पेंडिंग आहे, त्यांच्याशी फॉलोअप करा."

ते तीन आठवडे मी चुकीच्या माणसाच्या मागे लागले होते. बहुतेकांचं असंच होतं म्हणून हे सविस्तर लिहितेय. सर्व्हेअर आणि कंपनीचं क्लेम डेस्क, म्हणजे क्लेमवर निर्णय घेणारा विभाग, आपल्याला एकच वाटतात, कारण घरी येणारा, आपल्याशी बोलणारा, ओल्या भिंतीला हात लावून बघणारा माणूस एकच असतो आणि आपण त्यालाच कंपनी समजून बसतो.

सर्व्हेअर सहसा कंपनीचा नोकर नसतो. त्याच्याकडे विमा नियामकाचं म्हणजे इर्डाचं लायसन्स असतं, ओळखपत्रावर एसएलए (सर्व्हेअर अँड लॉस असेसर) असं लिहून पुढे नंबर असतो, तो पहिल्याच भेटीत लिहून घ्या. ठरावीक रकमेच्या वरचं नुकसान असेल तर लायसन्सवाल्या सर्व्हेअरकडूनच मोजून घ्यावं लागतं, हे १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ यूएम मध्ये आहे. त्याचं काम तीन गोष्टी बघायचं: नुकसान कशामुळे झालं, ते कारण पॉलिसीत बसतं का, आणि किती रुपयांचं झालं. एवढं लिहून तो रिपोर्ट कंपनीला देतो. त्याची फी कंपनी देते, तुमच्याकडे मागितली तर द्यायची नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तो क्लेम मंजूर करू शकत नाही, नाकारूही शकत नाही, "तुमचं दीड लाखापर्यंत होऊन जाईल" असं तो तोंडी म्हणाला तरी त्याला काही अर्थ नाही.

पैसे ठरवतं ते क्लेम डेस्क. रिपोर्ट हातात आल्यावर किती द्यायचे, कुठली वजावट करायची, नाकारायचं असेल तर कुठल्या अटीखाली, हा निर्णय कंपनीचा आणि तो लेखी द्यावा लागतो. सर्व्हेअरचा आकडा कंपनीवर बंधनकारक नसतो, तुमच्यावरही नसतो. सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या निकालात हेच सांगितलंय की सर्व्हेचा रिपोर्ट महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही. पण म्हणून कंपनीला मनासारखा रिपोर्ट मिळेपर्यंत एकामागून एक सर्व्हेअर नेमत बसता येत नाही. दुसरा नेमायचा तर कारण द्यावं लागतं, हेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात आहे, श्री वेंकटेश्वरा सिंडिकेट विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स.

आता सर्व्हेअर गप्प का बसतो. प्रत्येक वेळी बदमाशी असते असं मला वाटत नाही. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर घ्या, २०२१ च्या जुलैमधलं चिपळूण घ्या, अशा वेळी एकाच भागातून एकाच आठवड्यात ढिगाने क्लेम येतात आणि लायसन्सवाली माणसं मोजकीच. कधी त्याने तुमच्याकडे एखादं बिल मागितलेलं असतं, तुम्ही ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं असतं, आणि त्याच्या फाइलवर मात्र "डॉक्युमेंट पेंडिंग" असंच राहिलेलं असतं. माझं नेमकं हेच झालं होतं, सुताराचं कोटेशन मी पाठवलेलं आणि ते त्यांच्या मोबाइलमध्येच पडून होतं. त्यामुळे सर्व्हेअरला जे काही द्याल ते ईमेलने द्या आणि प्रत्येक मेलची कॉपी कंपनीच्या क्लेमच्या मेल आयडीला ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर दिलंत तरी त्याच संध्याकाळी मेल टाकायचाच.

गप्प बसण्याचे प्रकारही वेगवेगळे आहेत आणि दर प्रकारात दार वेगळं ठोठवायचं असतं. सर्व्हेअर नेमलाय म्हणतात पण आलाच नाही, तर कंपनीकडे त्याचं नाव, लायसन्स नंबर आणि नेमल्याची तारीख लेखी मागा. पाहणी करून गेला पण रिपोर्ट नाही, तरी कंपनीच, कारण त्याला नेमलंय त्यांनी आणि त्याच्याकडून वेळेत रिपोर्ट काढून घेणं हे त्यांचं काम आहे, तुमचं नाही. २०१७ च्या नियमांत सर्व्हेअर ७२ तासांत नेमायचा, साध्या क्लेममध्ये नेमणुकीपासून ३० दिवसांत त्याने रिपोर्ट द्यायचा आणि रिपोर्ट मिळाल्यावर कंपनीने ३० दिवसांत निर्णय कळवायचा असं होतं, २०२४ मध्ये नवे नियम आले त्यात मुदती आणखी आवळल्यात, त्यामुळे मेलमध्ये "तुमच्या सध्याच्या मुदतीनुसार शेवटची तारीख कुठली ते कळवा" असं सरळ विचारा. आणि तिसरा प्रकार, रिपोर्ट गेलाय पण कंपनी बोलत नाही. इथे तर सर्व्हेअरला फोन करून काहीच मिळणार नाही, त्याचं काम झालेलं असतं.

बाविसाव्या दिवशी मी फोन करणं बंद केलं आणि मेल लिहिला. टू मध्ये क्लेम डेस्क आणि कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, त्याचा मेल आयडी पॉलिसीच्या कागदातच असतो, आणि सीसी मध्ये सर्व्हेअर. मजकूर एवढाच: क्लेम नंबर अमुक, नुकसान या तारखेला, पाहणी या तारखेला, मागितलेली कागदपत्रं या या तारखांना दिली, सोबत पुन्हा जोडली आहेत. आणखी काही बाकी असेल तर एकदाच पूर्ण यादी द्या. रिपोर्ट कंपनीला मिळाला का, नसेल तर कधी मिळणार, आणि मिळाल्यावर त्याची प्रत मला हवी आहे. भांडण नाही, धमकी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्व्हेअरचा स्वतःहून फोन आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

फोनवर तेव्हाही त्यांनी कारणाबद्दलच जास्त विचारलं, आणि इथे एक गोष्ट कामाला आली ती सांगते. प्लंबरने फुटलेला एल्बो कापून काढला तेव्हा मी तो फेकू दिला नव्हता, प्लॅस्टिकच्या पिशवीत तारीख लिहून ठेवला होता. पांढरा जॉइंट, बाजूने उभी चीर गेलेली, आत बोट फिरवलं तर कडा अजून धारदार लागते. पाहणीच्या दिवशी सर्व्हेअरने तो खिडकीपाशी नेऊन उलटा-सुलटा करून बघितला होता आणि म्हणाले होते, "हा झिजलेला नाही, फुटलाय." हा फरक फार मोठा आहे. १ एप्रिल २०२१ पासून जनरल इन्शुरन्स कंपन्या घरासाठी जी भारत गृह रक्षा पॉलिसी देतात तिच्यात टाक्या आणि पाइप फुटून किंवा भरून वाहिल्याने झालेलं नुकसान धरलेलं आहे, पण महिनोन् महिने झिरपून आलेली ओल म्हणजे देखभालीचा प्रश्न असं म्हणून क्लेम अडकतो. भिजलेलं सामान हलवा, पाणी उपसा, ते करायलाच हवं, पण फुटलेला तुकडा आणि फुगलेल्या प्लायचा एक तरी पट्टा सर्व्हे होईपर्यंत ठेवा.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीशी बोलताना लक्षात आलं की तिकडे हा गोंधळ वेगळा आहे. तिकडचा अ‍ॅडजस्टर कंपनीचा नोकर असू शकतो किंवा कंपनीने बाहेरून घेतलेला, आणि पब्लिक अ‍ॅडजस्टर म्हणून जो असतो तो तुम्ही नेमायचा, तो तुमच्या बाजूने भांडतो आणि मिळालेल्या रकमेतला हिस्सा घेतो. म्हणजे तिकडच्या व्हिडिओत "तुमच्या अ‍ॅडजस्टरला सांगा" म्हणतात ते इथे जसंच्या तसं लावू नका.

मेलनेही हललं नाही तर पुढचं थोडक्यात. इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका किंवा १५५२५५ वर फोन करा. ते स्वतः पैसे ठरवत नाहीत, पण तक्रार कंपनीकडे जाते आणि तिच्यावर नजर राहते. कंपनीला लेखी तक्रार करून महिना झाला आणि उत्तर नाही किंवा पटलं नाही, की विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारं कार्यालय. मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात, फक्त कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं. महिना मोजायचा तो लेखी तक्रारीपासून, म्हणजे माझे ते एकोणीस कॉल या हिशोबात कुठेच धरले गेले नसते.

आमचा रिपोर्ट आला तेव्हा मी प्रत मागून घेतली होती ते बरं झालं, कारण ट्रॉल्या होत्या, फ्लोअरिंग होतं, पण पॅसेजचं सीलिंग कुठेच नव्हतं. सर्व्हेअरला विचारलं तर म्हणाले, फोटो आहेत माझ्याकडे, नोंद राहिली. मग मी त्यांना नाही, कंपनीला लिहिलं, पान नंबर देऊन, सोबत सीलिंगचे माझे फोटो आणि पीओपीवाल्याचं कोटेशन. नऊ दिवसांनी एका पानाचा पुरवणी रिपोर्ट आला, त्यात सीलिंगचा आकडा होता, आणि पैसे दोन्ही मिळून एकदमच जमा झाले.